कावळ्याचा आवाज फ्री डाउनलोड

"डुप्लिकेट चालायचा नाही," प्रमिलाकाकू म्हणाली.

गुरुजींच्या हातात दर्भाची अर्धी गाठ तशीच राहिली. कराडच्या संगमावर आम्ही सकाळी आठपासून होतो आणि आता साडेअकरा वाजले होते. मुरलीकाकांचा दहावा होता. पिंड मांडून झाले होते. शेजारी पत्रावळीवर काकांच्या आवडीचं ठेवलं होतं: कांदाभजी, वाटीत चहा आणि दोन खारी. समोर विजेच्या खांबावर एकच कावळा होता आणि तो आमच्याकडे पाठ करून बसला होता.

"शास्त्रात सोय आहे हो," गुरुजी म्हणाले. "कावळा नाही आला तर दर्भाचा करायचा आणि शिववायचा. परवाच दोघांचं केलं."

"त्यांचं चाललं असेल. ह्यांनी उभ्या जन्मात डुप्लिकेट चार्जर वापरला नाही. ह्यांना गवताचा कावळा शिववू?"

गुरुजींकडे यावर श्लोक नव्हता. त्यांनी दर्भ खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. साडेबाराला त्यांना आणखी एक दहावा होता.

काकूला मधुमेह. पहाटे घेतलेल्या अर्ध्या कप चहावर ती उन्हात उभी होती. तिच्या मुलीने, वृषालीने, दोनदा बिस्किट पुढे केलं आणि दोन्ही वेळा काकूने तिचा हात बाजूला सारला. कावळा शिवल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेणार नव्हती आणि जागची हलणारही नव्हती. काकांना मुलगा नाही, म्हणून डोकं भादरून ओल्या पंच्यात क्रियेला बसलो होतो मी, त्यांचा पुतण्या पराग. हे सगळं निस्तरायचं होतं ते मलाच.

"मुरलीचं काहीतरी राहिलंय," अक्का म्हणाली. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. "काय राहिलं असेल ते बोला आणि शब्द द्या. त्याशिवाय तो यायचा नाही."

मग एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. वृषाली म्हणाली, "बाबा, मी पीएचडी पुरी करीन." कावळा हलला नाही. काकूचा भाऊ जगूमामा पुढे झाला. तो खेड्यावरून आला होता आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून काखेत मारली होती.

"दाजी, तुमची शिडी माज्याकडंच हाय. उद्या आणून देतो."

कावळ्याने पंखाखाली चोच घातली.

"ड्रिल मशीनबी," मामा जरा थांबून म्हणाला. वृषालीने त्याच्याकडे पाहिलं. ड्रिल मशीन चोरीला गेलं असं सगळ्यांना वाटत होतं.

माझी पाळी आली. काकांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती आणि ती जगजाहीर होती. मी पिंडापाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "काका, पासवर्ड बदलतो."

हे नीट सांगायला हवं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी एकच व्रत घेतलं, ते म्हणजे इंटरनेटवर कुणाकडून फसायचं नाही आणि दुसऱ्यालाही फसू द्यायचं नाही. उठता बसता त्यांचे नियम चालायचे. "सर्चमध्ये सगळ्यात वर येतो तो सगळ्यात शहाणा नसतो, त्याने वर यायचे पैसे मोजलेले असतात." "दारावरची पाटी वाचल्याशिवाय कुणाच्या घरात शिरतोस का? मग आधी साइटचा पत्ता वाच." "फुकट म्हटलं की दोन पावलं मागे." कराडात माझे कॉम्प्युटरचे क्लास होते आणि हेच सगळं मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. माझा स्वतःचा पासवर्ड मात्र सगळीकडे एक ते सहा आकडे असा होता. हे काकांना एका भाऊबीजेला कळलं आणि ती भाऊबीज वाया गेली. खात्यातल्या निवृत्तांचा व्हॉट्सॲप ग्रुपही तेच चालवायचे. तिथे कुणी भलती लिंक टाकली की काका त्याला चारचौघांत झोडपून काढत. एकाला तर त्यांनी ग्रुपमधून काढूनच टाकलं होतं.

माझ्या शब्दाचाही कावळ्यावर काही परिणाम झाला नाही. पासवर्ड मी बदलणार नाही, हे त्याला माहीत असावं.

"एक करता येईल," मी म्हणालो. "कावळे कावळ्याच्या आवाजावर येतात. मोबाइलवर आवाज लावून बघू."

"ते पण डुप्लिकेटच," काकू म्हणाली.

"आवाज डुप्लिकेट, काकू. पण येईल तो कावळा ओरिजिनल असेल."

काकूने विचार केला. गुरुजींनीही केला. "याला शास्त्राची हरकत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

माझा फोन दहा दिवस सांत्वनाचे फोन घेऊन घेऊन सकाळीच मान टाकून बसला होता. काकांचा फोन काकूच्या पर्समध्ये होता. तिने तो काढून दिला आणि पासवर्ड रामरक्षेसारखा म्हणून दाखवला. तो चौदा अक्षरी होता.

मी शोधलं: कावळ्याचा आवाज फ्री डाउनलोड.

पहिल्याच ओळीला एक हिरवं बटण असलेलं पान आलं. त्याच्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलं होतं. ते मी वाचलं, हे इथे कबूल करतो. बटण दाबल्यावर पान म्हणालं की आवाज ऐकायचा तर आधी आमचं ॲप घ्या. फोन म्हणाला की ही फाइल धोकादायक असू शकते, आणि तो ती घेईचना, कारण काकांनी सेटिंगमध्ये जाऊन आतून कडी लावून ठेवली होती. ती कडी मी उघडली. मग ॲपने विचारलं की तुमचे कॉन्टॅक्ट बघू का, तुमचे मेसेज पाठवू का. कावळ्याला कॉन्टॅक्ट कशाला लागतात, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण काकू आता वृषालीच्या खांद्याला टेकून उभी होती आणि सगळं कुटुंब माझ्याकडे डोळे लावून उभं होतं. सगळ्याला मी 'हो' म्हटलं.

आवाज पूर्ण वाढवून मी फोन पिंडाच्या दिशेने धरला.

"बधाई हो!" फोनमधून एक बाई आनंदाने किंचाळली. "लाखों में से आप चुने गए हैं!"

सगळ्यांनी एकदम काकांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"हा कुठल्या कावळ्याचा आवाज?" अक्काने विचारलं.

मी बटणं दाबत सुटलो. बाई थांबेना. "बधाई हो! अपना इनाम लेने के लिए यहाँ दबाइए!" खांबावरच्या कावळ्याने पहिल्यांदाच मान वळवून आमच्याकडे पाहिलं. बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेवटी आवाज बंद झाला आणि मी निःश्वास टाकला. तेवढ्यात वृषालीचा फोन टुंग करून वाजला. मग अक्काचा वाजला. मग घाटावर आमच्याकडचे जेवढे फोन होते ते एकामागून एक वाजत गेले.

अक्काने चष्मा लावला. "मुरलीचा मेसेज आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाला आलाय म्हणावं तसा. मग ती मोठ्याने वाचायला लागली. "नमस्कार प्रिय मित्र. मी येथे खूप मजा करत आहे. तू पण लवकर ये. आत्ता खाली दाब."

वाचून झाल्यावर ती घाटाच्या पायरीवर टेकली.

"त्याला सांगा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. एवढ्यात नाही जमणार."

"अक्का, हा काकांनी नाही पाठवला," मी ओरडलो. "कुणीही खाली दाबू नका. कुणीही नाही."

"आरं, पण बघू दे की," जगूमामा वृषालीच्या फोनमध्ये डोकावत म्हणाला. "दाजींची तिकडं काय मजा चाललीय कळंल तरी." त्याचा स्वतःचा फोन बटणांचा होता, म्हणून तेवढा वाचला.

मी दोन्ही हात पसरून सगळ्यांसमोर उभा राहिलो. टक्कल, ओला पंचा आणि बोटांना तीळ चिकटलेले, अशा अवतारात मी आयुष्यातला सगळ्यात कळकळीचा क्लास घेतला. ही लिंक दाबायची नाही. मेसेज पुढे पाठवायचा नाही. ओळखीच्या नंबरवरून आला म्हणून खरा मानायचा नाही. गुरुजींच्या फोनवरही मेसेज आला होता. काकांनी त्यांचा नंबर 'गुरुजी, वेळ पाळत नाहीत' या नावाने ठेवला होता, तेही काकांच्या फोनवर मेसेज गेलेल्यांच्या यादीत तेव्हाच सगळ्यांना दिसलं.

मग फोन यायला लागले. काकांच्या यादीत तीनशेच्या वर लोक होते. पहिले होनराव, खात्यातलेच.

"अरे, मुरली गेला ना? मी स्वतः खांदा दिलाय. मग हे काय?"

"व्हायरस आहे, काका."

"व्हायरस? डॉक्टर तर हार्ट म्हणाले होते."

डेअरीतून फोन आला की साहेबांचं दूध पुन्हा सुरू करायचं का. वाचनालयातून फोन आला. काकांच्या दातांच्या डॉक्टरांनी फोन केला आणि मी बोललो तर नुसतेच रडले. प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. अखेर फोनचा जगाशी संबंधच तोडावा, हे मला उशिरा सुचलं. बोट विमानाच्या चिन्हावर टेकणार इतक्यात स्क्रीनवर नाव आलं: 'भालू, उचलू नये'.

काकू शेजारीच होती. तिने नाव वाचलं.

"भालूभावजी," ती म्हणाली. "ते आले नाहीत रे. घरी नाही, स्मशानात नाही. तू कळवलंस ना त्यांना?"

काका गेले त्या दिवशी कळवायच्या लोकांची यादी काकूने माझ्या हातात दिली होती आणि संध्याकाळी मी तिला "सगळ्यांना कळवलं" असं सांगितलं होतं. भालचंद्र तांबवेकर हे नाव त्यात होतं. नंबर घ्यायला काकांच्या फोनमध्ये पाहिलं तर 'उचलू नये' दिसलं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. जो फोन उचलायचाच नाही त्याला करायचा कशाला, असा मी हिशोब केला होता. अठ्ठावीस वर्षं ते दोघे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. काकांनी ग्रुपमधून काढून टाकलेला माणूस तोच. फुकट रिचार्जची लिंक टाकली म्हणून काकांनी त्याला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं होतं. त्यानंतर भालूकाका साताऱ्याला मुलाकडे गेले आणि खात्यातल्या कुणाशीच बोलेनासे झाले. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

माझी मान खाली गेली आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"उचल," ती म्हणाली.

बोटाला तीळ होते, भलतंच दाबलं गेलं आणि आवाज साऱ्या घाटाला ऐकू जायला लागला.

"काय मुरलीशेठ?" पलीकडून एक खणखणीत, खूश आवाज आला. "आता कोण अडाणी?"

सगळे फोनकडे वळले.

"मुरलीची लिंक आहे म्हटल्यावर तपासूनच पाठवली असणार, म्हणून मी डोळे झाकून दाबली. आता माझा फोन बधाई हो बधाई हो करत बोंबलतोय. सून म्हणते, बाबा, तुम्हाला लॉटरी लागली. बोल की आता. तीन वर्षांपूर्वी तर फार तोंड चाललं होतं."

मी तोंड उघडलं. काकूने माझा दंड धरला. ती खांबाकडे बघत होती. कावळा पूर्ण वळून बसला होता.

"नाही बोलायचं? नको बोलू," भालूकाका म्हणाले. मग आवाज जरा उतरला. "मी काय इतका अडाणी नाही, मुरली. तू जन्मात लिंक दाबणारा माणूस नव्हेस. मुद्दाम चूक केलीस तू. मला वर्मावर बोट ठेवायला मिळावं म्हणून केलीस. नाहीतर पहिला फोन कुणी करायचा, यातच आपण दोघे खपलो असतो. मी रोज फोनमध्ये तुझं नाव काढायचो आणि फोन ठेवून द्यायचो."

खांबावरून कावळा उडाला. तो खाली पायरीवर उतरला, अक्कापासून हातभर अंतरावर. अक्काने पाय जवळ ओढून घेतले.

"हे बघ, झालं ते झालं. रविवारी येतो मी. प्रमिलावहिनींना सांग, चहा टाका म्हणावं. खारी मी आणतो. तुमच्याकडची मऊ पडलेली असते."

कावळा दोन उड्या मारून पुढे आला. त्याने पिंडाला चोच लावली. एकदा, मग पुन्हा एकदा, आणि नंतर सावकाश, पाहुण्यासारखं खायला लागला. जाताना त्याने पत्रावळीवरची एक खारी उचलली आणि नदीवरून पलीकडे गेला.

"शिवला," गुरुजी कुजबुजले. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

वृषालीने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली होती. जगूमामाने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि लगेच काढली. फोन अजून चालूच होता. "हॅलो? मुरली?" असा आवाज येत होता. काकूने माझ्या हातून फोन घेतला.

"भावजी, प्रमिला बोलतेय."

"वहिनी? तो कुठाय? बाजूलाच बसलाय ना, ऐकत?"

काकूने पिंडाकडे पाहिलं. "हो."

"रागावलाय अजून?"

"नाही. आत्ताच जेवले."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. अठ्ठावीस वर्षं लाइन तपासण्यात घालवलेला तो माणूस. लाइनवर कोण आहे आणि कोण नाही, हे त्याला सांगावं लागत नसावं.

"कधी?" भालूकाकांनी विचारलं.

"आज दहावा."

"येतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

काकू पायरीवर बसली. तिने पाणी मागितलं, मग बिस्किट मागितलं, आणि चार बिस्किटं खाल्ली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वाकून तिचे पाय धरले.

"चुकलो, काकू. मी कळवलं नाही त्यांना."

तिने उरलेली बिस्किटं पिशवीत भरली. मग ती पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "पासवर्ड मात्र बदल. शब्द दिलायस."

तो मी त्याच दिवशी बदलला.

दुपारी चारला भालूकाका घरी आले. किडकिडीत माणूस, हातात खारीचा पुडा. काकांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, पुडा फोटोपुढे ठेवला आणि मग खुर्ची ओढून बसत आपला फोन माझ्या हातात दिला. तो अजूनही मधूनमधून बधाई हो म्हणत होता. मी ते ॲप शोधून काढून टाकलं, पासवर्ड बदलायला लावले, बँकेला कळवायला लावलं. काकांच्या फोनचं तेच केलं. बाकीच्या तीनशे लोकांना मी पुढचे चार दिवस फोन करत होतो, आणि त्यांतल्या अकरा जणांनी लिंक दाबलेली निघाली. अकराही जण हेच म्हणाले की मुरलीधरची होती, म्हणून दाबली.

"आता हा मेसेज तेवढा पुसतो," मी भालूकाकांना म्हटलं. "चुकून पुन्हा हात लागायला नको."

त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला. चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि मेसेज पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत. मी येथे खूप मजा करत आहे. तू पण लवकर ये.

"राहू दे," ते म्हणाले. "काढू नकोस. जायच्या वेळेला दाबीन."